मुंबईत स्मोक ट्रीचं बोन्साय: आधी झाडाचं वर्ष समजून घ्या

जांभळट पानांचं झुडूप आणि त्यावर थबकलेले गुलाबी धुराचे लोट. स्मोक ट्रीचा असा फोटो पाहिला की बोन्साय करणाऱ्याला ते झाड हवंसं वाटतंच. बियांची पाकिटं ऑनलाइन मिळतात. हिमाचल-उत्तराखंडला फिरायला गेलेलं कोणी तिथल्या रोपवाटिकेतून छोटं रोपही घेऊन येतं. मग प्रश्न पडतो, की हे मालाडच्या ग्रिलमध्ये किंवा मुलुंडच्या गच्चीत, उथळ कुंडीत वाढेल का?

सरळ सांगायचं तर, खरा स्मोक ट्री मुंबईत काही महिने तगतो, जोमदार रोप असेल तर एखाददुसरं वर्षही काढतो. त्याचं बोन्साय मात्र होत नाही. बोन्सायला दहा-पंधरा वर्षं तेच झाड हाताशी लागतं, दरवर्षी छाटायला आणि दरवर्षी फुटायला. इतकी वर्षं फुटत राहायचं तर झाडाला त्याच्या सवयीचे ऋतू मिळावे लागतात, आणि इथे नेमका एक ऋतू गायब आहे. तो कोणता आणि त्याने काय बिघडतं हे आधी पाहू. नंतर जवळजवळ तसंच दिसणारं, मुंबईत आनंदाने वाढणारं एक झाड आहे, त्याच्याकडे येऊ.

स्मोक ट्रीचं शास्त्रीय नाव कोटिनस कॉगिग्रिया. दक्षिण युरोपपासून मध्य आशिया, हिमालय आणि पुढे चीनपर्यंत तो रानात उगवतो. आपल्याकडे हिमाचल आणि उत्तराखंडातल्या कोरड्या, दगडाळ, उन्हाच्या उतारांवर सापडतो. तो आंब्याच्या, काजूच्या आणि बिब्ब्याच्या कुळातला आहे. पान चुरगळलं की राळेसारखा वास येतो आणि त्याचा चीक काहींच्या कातडीला सोसत नाही. आंब्याचा चीक ज्यांना उततो त्यांनी हे झाड छाटताना हातमोजे घालावेत.

धूर दिसतो तो फुलांचा नसतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या झाडावर अगदी बारीक, पिवळसर फुलांचे फांद्याफांद्यांचे मोठे तुरे येतात. त्यातल्या बहुतेक फुलांना बी धरत नाही. फुलं गळतात, पण त्यांचे देठ लांबत जातात आणि त्यांच्यावर तलम केस उगवतात. असे हजारो केसाळ देठ एकत्र आले की लांबून धूर वाटतो. एकेक तुरा वीतभर होतो. ही वीत लक्षात ठेवा, पुढे बोन्सायचा विचार करताना ती आडवी येणार आहे.

आता त्या गायब ऋतूबद्दल.

थंड प्रदेशातली पानगळीची झाडं हिवाळ्यात नुसती थांबत नाहीत, आतून कुलूप लावून घेतात. उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागतो. पानातली प्रकाश ओळखणारी रंगद्रव्यं ते टिपतात. शेंड्याची वाढ थांबते आणि फांदीवरच्या प्रत्येक डोळ्याभोवती, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या कळीभोवती, घट्ट खवले तयार होतात. डोळ्याच्या आत पेशी एकमेकींशी ज्या सूक्ष्म वाटांनी बोलतात, त्या वाटा कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजतात. अशा डोळ्याला आता कितीही ऊब द्या, पाणी द्या, खत द्या, तो फुटत नाही. कुलूप उघडतं ते थंडीनेच. शून्याच्या जरा वरपासून साधारण सात अंशांपर्यंतचं तापमान आठवडेच्या आठवडे मिळालं, की त्या वाटा पुन्हा मोकळ्या होतात आणि मग ऊब लागताच डोळा फुटतो. काश्मीरच्या सफरचंदाचं गणितही हेच आहे. बागायतदार थंडीचे तास मोजतात ते याचसाठी.

मुंबईत या साखळीतली पहिलीच कडी कच्ची आहे. उत्तराखंडात डिसेंबरचा दिवस जेमतेम दहा तासांचा आणि जूनचा चौदा तासांचा. मुंबईत सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेराचा. लहान दिवसाचा इशारा इथे उशिरा आणि अस्पष्ट मिळतो. दुसरी कडी तर नाहीच. जानेवारीत सांताक्रूझला पहाटेचं सरासरी तापमान सोळा-सतरा अंश असतं आणि दुपारी पारा तिशीला पोचतो. तिथे नोंदलेली सर्वांत थंड पहाट १९६२ च्या जानेवारीतली, ७.४ अंशांची. म्हणजे आपला विक्रमी गारठाही स्मोक ट्रीच्या गरजेच्या काठावर येऊन थांबला, आणि तोसुद्धा एका पहाटेपुरता.

थंडी न मिळालेलं झाड एका झटक्यात मरत नाही, म्हणून फसगत होते. सलग रात्रपाळ्या करून दिवसाही डोळा न लागलेल्या माणसासारखं ते कसंबसं चालत राहतं. जुनी पानं वेळेवर गळत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये शेंड्याचे दोन-चार डोळे फुटतात, खालचे मुके राहतात. नवी पानं लहान आणि फिकी असतात, तुरा येत नाही. त्यात एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आपल्या रात्री पंचविशीच्या आसपास रेंगाळतात. उबदार रात्री झाडाचा श्वासोच्छ्वास जोरात चालतो आणि दिवसभरात बनवलेली साखर रात्रीतच खर्च होते. मुळांत शिल्लक पडत नाही. पुढच्या वर्षी आणखी कमी डोळे फुटतात, फांद्या टोकाकडून वाळत येतात. आणि बोन्सायसाठी आपण छाटतो ते खालचे डोळे फुटावेत म्हणूनच! छाटल्यावर जे फुटायला हवं तेच मुकं असेल तर कात्री लावून झाडाची फक्त उरलीसुरली पुंजी कमी होते.

मग पाऊस. सांताक्रूझला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. स्मोक ट्रीची मुळं कोरड्या, निचऱ्याच्या, थोड्या चुनखडीच्या जमिनीत राहायला सरावलेली. ओल धरलेल्या मातीत त्यांना मूळकूज लागते, आणि जमिनीतली व्हर्टिसिलियम ही बुरशी तर या झाडाची जुनी वैरी आहे. एखादी फांदी हिरवी असतानाच अचानक मान टाकते, तेव्हा बहुतेकदा तीच असते.

इथे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, महाबळेश्वरला ठेवलं तर? वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याच्या बातम्या येतात हे खरं, पण ती एखादी पहाट असते. दुपारी तिथेही विशीच्या पुढे ऊन तापतं, आणि ही ऊब रात्री जमलेल्या थंडीचा काही भाग पुसून टाकते. शिवाय महाबळेश्वरचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. मुळांसाठी तिथे मुंबईपेक्षा वाईट हाल.

दुसरा प्रश्न फ्रीजचा. बियांसाठी फ्रीज खरोखर उपयोगी आहे. स्मोक ट्रीच्या बीला दोन अडसर असतात: टणक कवच आणि आत झोपलेला अंकुर. कवच पॉलिश पेपरवर घासून बी ओलसर वाळूत घातलं आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवलं, तर मुंबईतही रोप उगवू शकतं. पाकिटावरच्या सूचना एवढ्यावर संपतात आणि घेणाऱ्याला वाटतं जमलं. पण ही थंडी बीपुरती असते, वाढलेल्या झाडाला ती दर हिवाळ्यात नव्याने लागते. अख्खं झाड फ्रीजमध्ये ठेवायचं तर आधी त्याने हळूहळू गार होत पानं टाकायला हवीत. तीस अंशांतून उचलून थेट चार अंशांत ठेवलेलं हिरवं झाड झोपत नाही, त्याला इजा होते. त्यात फ्रीजमध्ये केळी-सफरचंदं असतील तर त्यांतून निघणारा इथिलीन वायू झाडाच्या डोळ्यांना घातक. माझं स्पष्ट मत आहे की दरवर्षी हा खटाटोप करून झाड जगवणं म्हणजे झाडाचे हाल करणं.

तेव्हा आपल्याकडे आहे ते झाड नक्की कोणतं, हे आधी तपासा. मुंबईच्या बागांत आणि सोसायट्यांच्या आवारात तांबूस-जांभळ्या, गोलसर पानांचं, लांब देठाचं एक झुडूप दिसतं. लोक त्यालाही कधी स्मोक ट्री म्हणतात. ते बहुधा युफोर्बिया कोटिनिफोलिया असतं. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचं हे उष्ण प्रदेशातलं झाड, आपल्या शेराचं आणि पॉइनसेटियाचं नातेवाईक. पानं कोटिनससारखी म्हणूनच त्याला हे नाव मिळालं, आणि तेही लिनियसकडून, १७५३ मध्ये. त्यामुळे आज गोंधळ होत असेल तर त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. फांदीवर पानं कशी बसली आहेत ते बघा. एका पेरावर तीन-तीन पानं गोलाकार निघत असतील तर तो युफोर्बिया. पानं एकाआड एक असतील तर स्मोक ट्री. शंका उरली तर हातमोजे घालून एक पान तोडा. पांढरंशुभ्र दूध टपकलं तर युफोर्बिया.

ते दूध मात्र गंभीरपणे घ्या. कातडीवर पुरळ आणतं, पोटात गेलं तर विषारी आहे आणि डोळ्यात गेलं तर डोळ्याला मोठी इजा करू शकतं. छाटताना हातमोजे आणि चष्मा दोन्ही हवेत, काम संपेपर्यंत हात चेहऱ्याकडे न्यायचा नाही. कातडीला लागलं तर साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर पाण्याची धार सलग पंधरा-वीस मिनिटं धरा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरात रांगतं मूल किंवा पानं चघळणारी मांजर असेल तर हे झाड आणूच नका.

आणि खरा स्मोक ट्री आधीच घरी आला असेल तर? त्याला कात्री लावू नका, उथळ कुंडीत तर मुळीच हलवू नका. निचऱ्याच्या मातीत, पावसाचा मारा लागणार नाही अशा उन्हाच्या जागी ठेवा आणि पुढचा हिवाळा यायच्या आत मसुरी, शिमला, नैनीताल अशा ठिकाणी कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडे सोपवा. तिथे त्याचं उत्तम बोन्साय होतं. कसं, ते थोडक्यात सांगते, कारण त्यातूनच या जातीच्या झाडांचा स्वभाव कळतो.

स्मोक ट्री जोरकस छाटणी सोसतो. खोड बुंध्याजवळ कापलं तरी खालून अनेक कोंब फुटतात, म्हणून एका बुंध्यातून तीन-पाच खोडं निघालेली रचना त्याला शोभते. लाकूड ठिसूळ असल्याने जाड फांदी तारेने वाकवायला गेलं की मोडते. कोवळ्या कोंबालाच तार घालायची, किंवा तार न वापरता ‘कापा आणि वाढू द्या’ या चिनी पद्धतीने दिशा बदलायची: हव्या त्या बाजूच्या डोळ्यावर फांदी कापायची, नवा कोंब त्या दिशेने जातो, मग पुढच्या वर्षी त्यालाही कापायचं. कुंडी बदलायची ती हिवाळा संपता संपता, डोळे फुगले पण फुटले नाहीत तेव्हा.

मात्र छाटणी आणि धूर एकत्र नांदत नाहीत. तुरे येतात मागच्या वर्षीच्या फांदीवर. आकार राखायला ती फांदी कापली की त्या वर्षी धूर नाही. आणि धूर आला तरी तुरा वीतभरच राहतो. कुंडीत वाढवून पानं लहान करता येतात, फुलं आणि फळं नाही. फूटभर उंचीच्या झाडावर वीतभर तुरा म्हणजे झाडच झाकलं जातं. म्हणून तिकडचे जाणकार हे झाड मोठ्या आकाराचं, दोन-अडीच फुटांचं ठेवतात, किंवा धुराचा नाद सोडून ‘रॉयल पर्पल’सारख्या जातीच्या पानांच्या रंगासाठी ते वाढवतात. केवळ धुरासाठी ज्यांना बोन्साय हवं असतं, त्यांना हे ऐकून वाईट वाटेल, पण दार्जिलिंग असो की डेहराडून, हे असंच आहे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या, मुंबईत आनंदाने वाढणाऱ्या झाडाकडे, म्हणजे युफोर्बियाकडे येऊ. मुंबईत त्याचं बोन्साय करताना पानांचा तो तांबडा-जांभळा रंग मिळतो आणि झाड दरवर्षी हटकून फुटतं. कारण त्याचं वर्ष थंडीवर चालत नाही, पाण्यावर आणि उन्हावर चालतं. आपल्या रानातल्या झाडांचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात गेलात तर सावर, पांगारा, कांडोळ, मोई उघडे दिसतील. त्यांची पानगळ कोरड्या महिन्यांत पाणी वाचवण्यासाठी असते. त्यातली मोई, जिला शिमटीही म्हणतात, ती स्मोक ट्रीच्याच कुळातली आहे. एकाच कुळातलं एक झाड गारठ्यासाठी झोपतं, दुसरं कोरडेपणासाठी.

युफोर्बियाची सुरुवात रोपाने करा किंवा पेन्सिलीएवढ्या जाड छाटाने, म्हणजे कापलेल्या फांदीच्या तुकड्याने. छाट कापल्यावर टोक पाण्यात धरून दूध थांबवा, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि मग जाड रेतीत लावा.

यानंतर सगळ्यांची घाई होते ती सुंदर ट्रेची. कोवळं, काडीसारखं रोप उथळ ट्रेमध्ये लावलं की ते वर्षानुवर्षं काडीच राहतं. खोड जाड होतं ते सालीखालच्या वाढणाऱ्या थरामुळे, आणि त्या थराला साखर येते वरच्या पानांकडून. पानं जितकी जास्त, मुळांना जागा जितकी मोकळी, तितकं खोड भरतं. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दहा-बारा इंची साध्या कुंडीत, जमलं तर जमिनीत, रोपाला मनसोक्त वाढू द्या. बुंध्याजवळची एखादी फांदी मुद्दाम लांब वाढवा. ती रचनेत राहणार नाही, पण तिच्यामुळे तिच्या खालचा बुंधा रुंदावतो. काम झालं की ती कापायची. उंचीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा बुंधा झाला तर झाड वयस्क दिसतं. अठरा इंचांच्या झाडाला तीन इंची बुंधा म्हणजे उत्तम.

होळीच्या आसपास नवी फूट सुरू होताना खोड हव्या उंचीवर कापा. पाण्याचा फवारा मारून दूध थांबवा आणि कापावर बुरशीनाशक लावा. भर पावसाळ्यात मोठा काप घेऊ नका, ओलाव्याने तो कुजत खाली उतरतो. खालून कोंब फुटतील, त्यातले वेगवेगळ्या दिशांचे आणि उंचीचे तीन-चार ठेवून बाकीचे खुडा. निवडलेल्या कोंबावर पानांची तीन-चार वलयं झाली की शेंडा खुडा. एकाच्या जागी दोन-तीन कोंब येतात, मग तेही खुडा. फांद्यांची संख्या वाढेल तशी प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला येणारी ताकद कमी होते आणि पान आपोआप लहान होतं. भरपूर ऊन हे दुसरं कारण, तेही रोज पाच-सहा तासांचं थेट. सावलीत पान मोठं होतं आणि लाली जाऊन हिरवट पडतं. देठ मात्र लांबच राहतो, म्हणून हे झाडही फार इवलंसं करू नये. सव्वा-दीड फुटाच्या खाली ते केविलवाणं दिसतं.

मातीच्या बाबतीत मुंबईत एकच आग्रह धरते: नर्सरीची लाल माती नुसती वापरू नका. दोन पावसांत ती दगडासारखी बसते आणि मुळं गुदमरतात. विटांचा जाड चुरा दोन भाग, जाड रेती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. चुरा चाळून पीठ काढून टाका, मटकीपासून वाटाण्यापर्यंतचे तुकडे ठेवा. समुद्राची वाळू खारट, ती चालणार नाही.

पावसाळ्यात कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी ठेवा. उथळ कुंडीत तळाशी पाणी साचतं, तिरकी केली की ते एका कडेला येऊन भोकातून निघून जातं. साधी गोष्ट आहे, पण जुलैच्या झडीत हीच मुळं वाचवते. एप्रिल-मेमध्ये उलट अडचण असते. पश्चिमेच्या ग्रिलमधला ट्रे दुपारी इतका तापतो की कडेची मुळं भाजतात. अर्धी सावली देणारी हिरवी जाळी बांधा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. हिवाळ्यात पानं थोडी गळली तर घाबरू नका, तेव्हा पाणी कमी करा आणि खत थांबवा.

बुंधा भरला, मुख्य फांद्या ठरल्या आणि त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या फाट्यापर्यंत फुटवे आले, की ट्रेची वेळ. पुन्हा होळीच्या सुमाराची. झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश लांबीचा ट्रे घ्या. एकतृतीयांशाहून जास्त मुळं एका वेळी कापू नका. झाड तारेने ट्रेच्या भोकांना बांधून पक्कं करा, नाहीतर वाऱ्याने हलून नवी मुळं तुटतात. मग दोन-तीन आठवडे थेट ऊन टाळा आणि नवी पानं पूर्ण उघडेपर्यंत खताला हात लावू नका.